दोन कार्यक्रमांच्या मधले दिवस: सभासद टिकवण्याची कामं, क्रमाने

भांडून संस्था सोडणारा सभासद विरळा. बहुतेक जण नुसते विसरतात. पहिल्या वर्षी उत्साहाने वर्गणी भरतात, एखाद्या कार्यक्रमाला येऊन मागच्या रांगेत बसतात. दुसऱ्या वर्षी आठवण केली की "भरतो की" म्हणतात. तिसऱ्या वर्षी फोन उचलत नाहीत.

यावर कार्यकारिणीच्या बैठकीत ठरलेला उपाय निघतो: आणखी एक कार्यक्रम घेऊ. मग महिनाभर सगळे त्यात गुंततात आणि शेवटी हॉलमध्ये पुन्हा तेच ओळखीचे चाळीस चेहरे दिसतात. पाळीत काम करणारे, लांब राहणारे, घरी आजारी माणूस असलेले, तब्येतीमुळे बाहेर न पडणारे येणार नव्हतेच. त्यांना दूरध्वनी करायला आता कोणाच्या अंगात त्राणही उरलेलं नसतं.

सभासद टिकतो तो मुख्यतः दोन कारणांनी. एक, त्याच्याकडे त्याला जमेल असं काहीतरी मागितलं जातं. दोन, त्याने दिलेल्या वेळेचं किंवा पैशाचं पुढे काय झालं ते त्याला कळतं. या लेखातल्या सगळ्या पायऱ्या या दोन गोष्टी बाराही महिने न चुकता घडाव्यात यासाठी आहेत. सोयीसाठी २४० सभासदांची, रस्त्याकडेला झाडं लावून ती जगवणारी एक संस्था उदाहरण म्हणून धरली आहे. आकडे आपल्या संस्थेप्रमाणे बदलून घ्या.

पायरी १: यादी एक करा

सुरुवात इथूनच. बहुतेक संस्थांत तीन याद्या असतात: चिटणीसांच्या वहीत एक, खजिनदारांच्या पावतीपुस्तकात दुसरी आणि व्हॉट्सॲप गटात तिसरी. तिन्ही जुळत नाहीत. कोणतंही साधं स्प्रेडशीट घ्या आणि त्यात दहाच रकाने करा: नाव, फोन, ईमेल, सभासद झाल्याची तारीख, वर्गणी संपण्याची तारीख, संस्थेशी ओळख कोणामार्फत झाली, काय येतं किंवा काय करायला आवडेल, निरोप कोणत्या मार्गाने हवा, शेवटचा संपर्क, शेवटचा सहभाग.

शेवटच्या दोन रकान्यांत गल्लत होते. आपण केलेला फोन किंवा पाठवलेलं पत्र हा संपर्क. सभासदाने उत्तर दिलं, काम केलं, मत कळवलं तर तो सहभाग. वर्षभरात बारा पत्रं पाठवलेल्या माणसाचा सहभाग शून्य असू शकतो, आणि वर्गणी संपताना गळतो तो बहुधा हाच.

यादी करताना अडचणी येतात त्या अगदी बारीक असतात. फोनचा रकाना आधीच "मजकूर" या प्रकारात ठेवा, नाहीतर क्रमांकाच्या सुरुवातीचं शून्य गायब होतं. तारखा सगळीकडे एकाच पद्धतीने लिहा, शक्यतो वर्ष-महिना-दिवस अशा क्रमाने. कोणी टिंबं देऊन लिहिलं, कोणी तिरक्या रेघा मारल्या, की संगणक त्यातल्या काहींना तारीख मानतच नाही आणि क्रमवारी लावताना ते सभासद तळाला जाऊन पडतात. दोनदा आलेली माणसं नावावरून शोधू नका, कारण एकच नाव कोणी देवनागरीत, कोणी रोमनमध्ये, कोणी आडनाव आधी असं लिहिलेलं असतं. फोन क्रमांकावरून शोधा. मात्र नवरा-बायको दोघं सभासद आणि फोन एकच, अशी घरं असतात. तिथे घाईने एक ओळ उडवू नका.

यादी दुरुस्त करण्याचा अधिकार एकाच व्यक्तीकडे ठेवा. बाकीच्यांनी तिला कळवायचं. फोन आणि ईमेल संस्थेच्या कामासाठीच वापरू, कोणाला देणार नाही, हे सभासदाला स्पष्ट सांगा आणि ते पाळा. सभासदांची यादी एखाद्या ओळखीच्या विक्रेत्याला गेली, तर त्यानंतर कोणतीच पायरी उपयोगाची नाही.

यादी पूर्ण झाली की शेवटच्या सहभागावरून तीन गट पाडा: सहा महिन्यांच्या आत काही केलेले, सहा ते बारा महिने गप्प असलेले आणि वर्षाहून अधिक काळ गप्प असलेले. तीनच. सात रंगांची वर्गवारी करणाऱ्या संस्था पुढे फक्त रंग बदलत बसतात.

पायरी २: नव्या सभासदाचे पहिले नव्वद दिवस

वर्गणी भरतो त्या दिवशी माणसाचा उत्साह सगळ्यात जास्त असतो आणि नेमकं तेव्हाच संस्था गप्प होते. पुढचा निरोप दोन महिन्यांनी येतो, तोही कार्यक्रमाच्या निमंत्रणाचा.

४८ तासांच्या आत पावती आणि त्यासोबत एका माणसाने लिहिलेला दोन ओळींचा निरोप जायला हवा. त्यात लिहिणाऱ्याचं नाव आणि फोन असू द्या. "कार्यालयाकडून" आलेल्या निरोपाला कोणी उत्तर देत नाही. सातव्या दिवसापर्यंत दहा मिनिटांचा फोन. त्यात तीनच प्रश्न: आमच्याबद्दल कुठे कळलं, या कामातलं काय जवळचं वाटतं, आणि महिन्यातून साधारण किती वेळ काढता येईल. तिसऱ्याचं उत्तर "सध्या अजिबात नाही" असं आलं तरी चालेल, तेही लिहून ठेवा. तिसाव्या दिवसाच्या आत पहिलं छोटं काम. पंचेचाळिसाव्या दिवसापर्यंत त्या कामाचं काय झालं याचा निरोप. नव्वदाव्या दिवशी एक प्रश्न: "सभासद होताना जे वाटलं होतं, तसं आहे का?" कुठे बिनसत असेल तर ते इथेच कळतं, आणि अजून सावरायला वेळ असतो.

पहिल्याच दिवशी चार व्हॉट्सॲप गटांत भरती करणं, चाळीस पानी घटना आणि गेल्या दहा वर्षांचे अहवाल पाठवणं हे टाळा. नवा माणूस ते उघडत नाही, आणि उघडलं नाही याची त्याला उगाच टोचणी लागते. मग तो पुढचे निरोपही बाजूला ठेवू लागतो.

पायरी ३: छोट्या कामांचा साठा

सगळ्यात जास्त वेळ इथे घाला.

सभासद काही करत नाहीत अशी तक्रार असते, तेव्हा सहसा त्यांना करण्याजोगं काही दिलेलंच नसतं. "संस्थेच्या कामात सहभागी व्हा" हे आवाहन ऐकून माणसाने नेमकं उठून काय करायचं? काम मोजून, कापून, हातात द्यावं लागतं. कामाची चाचणी पाच प्रश्नांनी घ्या. त्याला सुरुवात आणि शेवट आहे का? घरून किंवा रोजच्या वाटेवर होईल का? मध्येच कोणाची परवानगी न लागता पूर्ण होईल का? सात ते दहा दिवसांत संपेल का? आणि त्या कामाची संस्थेत कोणीतरी खरोखर वाट बघतंय का? शेवटचा प्रश्न सगळ्यात कडक आहे. माणसाला गुंतवायचं म्हणून काढलेलं काम सभासद दुसऱ्याच वेळी ओळखतो.

पहिलं आवाहन पाठवण्याआधी निदान बारा कामं लिहून ठेवा. पंधरा-वीस मिनिटांची साधारण आठ, तास-दोन तासांची तीन आणि एखादं दरमहा करायचं. झाडांच्या संस्थेत ती अशी निघतील: आपल्या रस्त्यावरची पाच झाडं बघून येणं, जुन्या फोटोंवर ठिकाण आणि वर्ष लिहिणं, महिन्याच्या पत्राचं शुद्धलेखन तपासणं, पावतीपुस्तकाच्या वीस पानांची संगणकावर नोंद, नव्या सभासदाला स्वागताचा फोन, हिशेब येणाऱ्याने तिमाही जमाखर्चावर नजर टाकणं, रोपवाटिकांना फोन करून दर विचारणं, एखाद्या सोसायटीच्या किंवा शाळेच्या व्यवस्थापनाशी ओळख करून देणं. घरातून बाहेर न पडू शकणाऱ्यांसाठी यातली निम्मी तरी असली पाहिजेत, ते मुद्दाम मोजून बघा.

लहान कामापासून सुरुवात करण्यामागे केवळ सोय नाही. १९६६ साली जोनाथन फ्रीडमन आणि स्कॉट फ्रेझर या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध केला. सुरक्षित वाहन चालवण्याबद्दलचा मोठा, बेढब फलक अंगणात लावाल का, असं थेट विचारल्यावर १७ टक्के लोक हो म्हणाले. ज्यांनी आधी त्याच विषयाची एक छोटीशी पाटी लावायला होकार दिला होता, त्यांच्यात हे प्रमाण ७६ टक्के होतं. एकदा केलेलं छोटं काम माणसाची स्वतःबद्दलची समजूत किंचित बदलतं: मी या कामातला आहे. अर्थात याचा फायदा घेऊन पंधरा मिनिटांच्या कामानंतर लगेच कार्यकारिणीचं पद गळ्यात घालू नये. मधल्या पायऱ्या असतात.

आता मागायचं कसं. नेहमीचा निरोप असा असतो: "सर्व सभासदांना नम्र विनंती, वृक्षपाहणीसाठी स्वयंसेवक हवे आहेत. इच्छुकांनी संपर्क साधावा." २४० जणांना गेला, तिघांचे अंगठे आले, काम शून्य. सगळ्यांना मागितलं की प्रत्येकाला वाटतं दुसरं कोणीतरी करेल. तेच काम वीस जणांना वेगवेगळं, नावाने असं पाठवा:

"नमस्कार ताई. तुमच्या घरासमोरच्या रस्त्यावर आपण गेल्या वर्षी पाच झाडं लावली, क्रमांक ४१ ते ४५. पुढच्या रविवारपर्यंत त्यांच्याकडे एक चक्कर माराल का? पंधरा मिनिटांचं काम आहे. प्रत्येक झाडाचा एक फोटो आणि 'जिवंत', 'वाळलं' किंवा 'सापडलं नाही' एवढंच कळवायचं. यावरून जाळ्या कुठे लावायच्या ते बुधवारी ठरवणार आहोत. जमणार नसेल तर नुसतं 'नाही' कळवलंत तरी चालेल, मी दुसऱ्या कोणाला विचारते."

यात काय आहे ते बघा: नेमकी झाडं, नेमकी मुदत, नेमका वेळ, उत्तराचे तीनच पर्याय, कामाचा उपयोग आणि नाही म्हणायची मोकळीक. शेवटचं वाक्य गाळू नका. नाही म्हणता येत नाही तिथे माणसं गप्प बसतात, आणि गप्प बसलेल्याला पुन्हा विचारणं अवघड होऊन बसतं. "नाही" आलं की आभार माना आणि यादीत "आत्ता नाही, पुन्हा कधी" ते लिहा.

बिघडतं ते ठरावीक ठिकाणी. फोटो येतात पण कोणत्या झाडाचा कुठला ते कळत नाही. म्हणून क्रमांक आणि एक नमुना फोटो आधीच पाठवायचा. कामं वाटणारी व्यक्ती एकच असते, ती आजारी पडली की सगळं थांबतं. म्हणून साठ्याची यादी दोघांकडे ठेवायची. सर्वांत मोठी खोट म्हणजे होकार देणाऱ्या त्याच पाच जणांना परत परत विचारलं जातं. ते वर्षभरात थकतात आणि बाकीच्या २३५ जणांची कधी पाळीच येत नाही. एकाच माणसाला सहा आठवड्यांत दोनदा विचारायचं नाही, त्याने स्वतः मागितलं तर गोष्ट वेगळी, असा नियम करा. शेवटच्या सहभागाचा रकाना त्यासाठीच आहे.

पायरी ४: पुढे काय झालं ते कळवा

काम आलं की दोन दिवसांत व्यक्तिगत आभार. महिन्याच्या आत निकाल. निकालात एक आकडा आणि एक निर्णय हवा. विशेषणं नकोत.

समजा वीसपैकी बारा जणांनी पाहणी केली, म्हणजे ६० झाडं बघून झाली. निकाल असा लिहावा: "तुम्ही बारा जणांनी मिळून ६० झाडं पाहिलीत. ४४ जिवंत, १० वाळलेली, ६ सापडली नाहीत. वाळलेल्या दहापैकी सात एकाच रस्त्यावरची आहेत आणि तिथे जाळ्या नव्हत्या. म्हणून या वेळच्या जाळ्या आधी त्या रस्त्याला जातील. तुमची ४१ ते ४५ पाचही ठीक आहेत."

शेवटचं वाक्य प्रत्येकासाठी वेगळं लिहायला बारा जणांचे बारा मिनिटंही लागत नाहीत. पण सभासद उत्तर देतो ते त्या वाक्याला.

वाईट बातमी लपवू नका. दहा झाडं वाळली हे सांगितल्यावर संस्थेची अब्रू जात नाही. उलट पुढच्या वेळी "सगळं छान चाललंय" असं लिहाल तेव्हा कोणी त्यावर विश्वास ठेवेल.

पायरी ५: महिन्याचं पत्र आणि ते जाण्याचे मार्ग

दर महिन्याला एक पत्र, ठरलेल्या तारखेला, ३०० ते ४०० शब्द. वरची सगळी कामं नीट चालली असतील तर त्यातला मजकूर आपोआप तयार होतो: गेल्या महिन्यात काय झालं, त्यात कोणाचा हात होता (नाव छापायची परवानगी विचारून), एखादी अडलेली गोष्ट आणि एक विनंती. विनंती एकच. तीन विनंत्या असल्या की वाचणारा एकही पुरी करत नाही. अध्यक्षांचं मनोगत, मान्यवरांच्या भेटीचे फोटो आणि दिनविशेष यांना या पत्रात जागा देऊ नका. ते वाचतात ते ज्यांचे फोटो असतात तेच.

पाठवण्याच्या साधनांच्या मर्यादा माहीत नसल्या की पत्र निम्म्यांना पोचतच नाही. देवनागरीतला एक एसएमएस ७० अक्षरांचा असतो, रोमन लिपीतला १६०. त्याहून लांब झाला की तो दोन-तीन एसएमएस म्हणून मोजला जातो आणि तेवढे पैसे पडतात. काना, मात्रा, वेलांटी ही अक्षरं म्हणून वेगळी मोजली जातात, त्यामुळे ७० फार लवकर संपतात. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत (एकच निरोप प्रत्येकाला वेगळा जातो ती यादी) २५६ जण बसतात, पण ज्याच्या फोनमध्ये तुमचा क्रमांक जतन केलेला नाही त्याला निरोप जातच नाही. म्हणून स्वागताच्या फोनवरच "हा क्रमांक संस्थेच्या नावाने जतन करून ठेवा" असं सांगा. साध्या गटात १,०२४ जण मावतात, मात्र सगळ्यांचे क्रमांक सगळ्यांना दिसतात, आणि ते अनेकांना, विशेषतः बायकांना, नको असतं. नुसतं कळवायचं असेल तर व्हॉट्सॲप चॅनेल बरं, तिथे क्रमांक इतरांना दिसत नाहीत.

ईमेल वैयक्तिक जीमेल खात्यावरून पाठवत असाल तर दिवसाला ५०० पत्त्यांची मर्यादा आहे. पत्ते नेहमी "बीसीसी"मध्ये टाका. "टू"मध्ये टाकले की सगळ्यांचे पत्ते उघडे पडतात आणि "सर्वांना उत्तर"चा पूर सुरू होतो. संस्थेच्या स्वतःच्या डोमेनवरून (ईमेल पत्त्यात @ नंतर संस्थेचंच नाव असेल तर) पाठवत असाल तर एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तीन नोंदी डोमेनच्या सेटिंगमध्ये करून घ्या. पाठवणारा खराच तुम्ही आहात हे त्यांवरून ताडून पाहिलं जातं. गुगल आणि याहू यांनी २०२४ पासून याबाबतीत कडक धोरण घेतलंय, नोंदी नसल्या की पत्र स्पॅममध्ये जाऊन बसतं. पत्र थांबवण्याची सोय खाली ठळक द्या. ती सापडली नाही की माणूस स्पॅमचं बटण दाबतो, आणि अशी बटणं साचली की बाकीच्यांनाही तुमचं पत्र पोचेनासं होतं.

किती जणांनी पत्र उघडलं, या आकड्यावर भिस्त ठेवू नका. ॲपलने २०२१ मध्ये आपल्या मेलमध्ये अशी सोय आणली की वाचणाऱ्याने पत्र उघडलं नाही तरी त्यातली चित्रं आधीच उतरवली जातात आणि ते "उघडलं" म्हणून मोजलं जातं. आलेली उत्तरं मोजा.

गटाबद्दल एक गोष्ट. २०० जणांच्या गटात तेच दोघं-चौघं बोलतात म्हणून निराश होऊ नका. संकेतस्थळांच्या वापराचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००६ मध्ये ऑनलाइन गटांचं हेच ढोबळ प्रमाण मांडलं होतं: १ टक्का लोक सतत लिहितात, ९ टक्के अधूनमधून, ९० टक्के फक्त वाचतात. वाचणाऱ्यांना बोलतं करण्याचा खटाटोप सोडा आणि त्यांना वेगळं, नावाने काम द्या. गट मरतो तो शुभसकाळच्या चित्रांनी आणि फॉरवर्ड केलेल्या निरोपांनी. माणूस गट म्यूट करतो, आणि कामाचा निरोपही त्याच ढिगाऱ्याखाली जातो. नियम पहिल्याच दिवशी लिहून वर चिकटवा. सहा महिन्यांनी लावलेला नियम कोणाच्या तरी अंगावर घेतला जातो.

पायरी ६: वर्षातून दोन फोन

"एवढ्यांना फोन कोण करणार?" हा प्रश्न हिशेब न मांडल्यामुळे येतो. २४० सभासद, फोन करणारे आठ जण, म्हणजे प्रत्येकाकडे ३०. वर्षातून दोन फोन धरले तर माणशी ६०, महिन्याला पाच. नोंदीसह एका फोनला दहा मिनिटं. म्हणजे महिन्याकाठी पन्नास मिनिटं.

या फोनवर पैसे मागायचे नाहीत. वर्गणीची आठवण वेगळी, हा फोन वेगळा. दोन्ही एकत्र केलेत की पुढच्या वेळी क्रमांक बघूनच फोन बंद होईल. सुरुवात अशी करा: "नमस्कार, मी संस्थेतून बोलतेय. दोन मिनिटं आहेत का, की नंतर करू?" मग "तुम्ही मागे पावत्यांची नोंद करून दिली होती, त्यावरून लेखापरीक्षण वेळेत झालं" अशासारखी एक नेमकी गोष्ट. ती माहीत असण्यासाठी फोनच्या आधी यादीतली ओळ वाचायची. मग "आमचं काय खटकतं?" असं विचारून थांबायचं. खरंच थांबायचं. चार-पाच सेकंदांची शांतता फोन करणाऱ्याला सोसवत नाही, तो घाईने स्वतःच काहीतरी बोलतो आणि समोरच्याच्या ओठावर आलेलं तिथेच राहतं.

फोन ठेवल्या ठेवल्या तीन शब्द तरी लिहा. "संध्याकाळी लिहू" म्हटलं की दुसऱ्याचं तिसऱ्याच्या नावावर जातं.

पायरी ७: मत विचारायचं असेल तर

पंचवीस प्रश्नांची पाहणी पाठवू नका. तिमाहीला एक प्रश्न पुरतो, आणि तोही ज्याच्या उत्तराने काही बदलणार असेल तरच. लोकसहभागाच्या अमेरिकी अभ्यासक शेरी आर्न्स्टाइन यांनी १९६९ मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्यात नुसतं मत विचारून घेणं चौथ्या पायरीवर आहे आणि त्यांनी त्याची गणना देखाव्याच्या सहभागात केली आहे, कारण विचारणाऱ्यावर ते ऐकण्याचं काही बंधन नसतं.

म्हणून कार्यकारिणीने आधी ठरवावं: हा निर्णय आम्ही सभासदांच्या कौलाने घेणार आहोत का? उत्तर हो असेल तर पर्याय दोन किंवा तीन ठेवा, सगळे परवडणारे ठेवा, मुदत सात दिवस ठेवा आणि निकाल आकड्यांसह कळवा. "नवी पन्नास रोपं नव्या रस्त्यावर, की जुन्या रस्त्यांवरच्या वाळलेल्या झाडांच्या जागी?" हा चांगला प्रश्न आहे. "आमच्या कामाबद्दल आपण किती समाधानी आहात?" याने फार काही हाती लागत नाही. कौल कार्यकारिणीच्या मनाविरुद्ध गेला तरी मानावा लागतो. ती तयारी नसेल तर विचारूच नका.

पायरी ८: वर्गणीचं नूतनीकरण

इथवरचं काम झालं असेल तर ही पायरी सोपी आहे, म्हणून थोडक्यात. मुदत संपण्याच्या ६० दिवस आधी पहिलं पत्र: तुम्ही या वर्षात काय केलंत आणि वर्गणी कुठे लागली. ३० दिवस आधी आठवण, पैसे भरण्याच्या दुव्यासह. ७ दिवस आधी दोन ओळी. मुदतीनंतर १५ दिवसांनी पुन्हा एक आठवण, ४५ दिवसांनी फोन.

न भरणाऱ्यांपैकी बरेच जण नाराज नसतात. दुवा चालत नसतो, खाते क्रमांक जुना असतो, पावती मिळेल की नाही याची खात्री नसते. दर तिमाहीला कार्यकारिणीतल्या कोणीतरी स्वतःच्या फोनवरून सगळी प्रक्रिया एकदा करून बघावी, त्यात अर्ध्या तक्रारी सापडतील. पावती त्याच दिवशी द्या. आणि ज्याने आधीच भरली आहे त्याला आठवण पाठवू नका. खजिनदारांची नोंद आणि यादी जुळलेली नसली की हे हमखास घडतं आणि माणूस दुखावतो.

पंचेचाळिसाव्या दिवसाच्या फोनवर "सोडण्याचं कारण सांगाल का?" एवढं विचारा, आग्रह करू नका. कारण लिहून ठेवा. वर्षभर महिन्याचं पत्र चालू ठेवायचं का, हे त्यांनाच विचारा. त्यानंतर नाव यादीतून काढा.

पायरी ९: काय मोजायचं

तीन आकडे पुरतात: नूतनीकरणाचं प्रमाण, त्यातलं पहिल्या वर्षाच्या सभासदांचं प्रमाण आणि गेल्या सहा महिन्यांत काहीतरी केलेल्या सभासदांचा वाटा.

दुसरा आकडा वेगळा का काढायचा ते उदाहरणाने दिसेल. वर्षभरात २४० जणांची मुदत संपली, १८६ जणांनी वर्गणी भरली. म्हणजे ७७.५ टक्के. ठीक वाटतं. आता फोड करा: या २४० मध्ये ६० जण पहिल्याच वर्षाचे होते आणि त्यातल्या ३३ जणांनीच भरली, म्हणजे ५५ टक्के. जुन्या १८० पैकी १५३ जणांनी, म्हणजे ८५ टक्के. गळती पहिल्या वर्षात आहे. अशा वेळी फोनवर किंवा पत्रावर जोर देऊन फारसा फरक पडत नाही, दुसऱ्या पायरीकडे परत जावं लागतं. उलट जुनेच गळत असतील तर चौथ्या आणि सातव्या पायरीत खोट आहे: त्यांना वर्षानुवर्षं काही कळवलेलं किंवा विचारलेलं नाही.

हजेरी आणि समाजमाध्यमांवरचे लाइक यांची नोंद ठेवायला हरकत नाही, पण त्यावरून निर्णय घेऊ नका. लाइक करणाऱ्यांत सभासद किती, हेच बहुधा माहीत नसतं.

हे सगळं करायला किती माणसं लागतात

यादी सांभाळणाऱ्याला महिन्याला दोन तास, कामं वाटणाऱ्याला चार तास, पत्र लिहिणाऱ्याला तीन तास आणि फोन करणाऱ्या आठ जणांना प्रत्येकी एक. एकूण सतरा तास. मध्यम आकाराच्या एका कार्यक्रमाच्या तयारीत यापेक्षा जास्त जातात.

सगळं एकदम सुरू करू नका. पहिल्या महिन्यात फक्त यादी. दुसऱ्या महिन्यात बारा कामं लिहून काढा, त्यातलं एकच काम वीस जणांना पाठवा आणि निकाल कळवा. तिसऱ्या महिन्यात तो निकाल घेऊन पहिलं पत्र लिहा आणि त्याच महिन्यापासून येणाऱ्या प्रत्येक नव्या सभासदाला नव्वद दिवसांचा क्रम लावा. फोन चौथ्या महिन्यापासून, आणि सुरुवात मधल्या गटापासून करा: सहा ते बारा महिने गप्प असलेल्यांपासून. वर्षभर गप्प असलेल्यांना संस्थेचं नाव आठवायलाच दोन मिनिटं लागतात आणि नवखा फोन करणारा तिथे खचतो. त्यांचे फोन अनुभवी माणसाकडे द्या.